मूळ चित्र, हातानं काढलेलं

माझ्याकडे एका जुन्या हिंदी कॉमिकचं पान होतं. छापलेलं नव्हे, ज्यावरून छापतात ते. छापील पानाच्या जवळजवळ दुप्पट आकाराचा जाड कागद, त्यावर काळ्या शाईनं काढलेली चित्रं, जिथं हात चुकला तिथं पांढऱ्या रंगाचा लेप, आणि कडेला निळ्या पेन्सिलीनं छापखान्यासाठी लिहिलेल्या सूचना. त्या पानावर एक फेटेवाला गुप्तहेर पुलावरून उडी मारतो आणि खाली नदीत मगरी तोंड उघडून वाट बघत असतात. चंद्रपूरच्या बाबुपेठेत वाढलेल्या मला त्या मगरी लहानपणापासून पाठ होत्या. वडील कोळशाच्या खाणीत होते. बसस्टँडजवळ ताडपत्रीखाली एक माणूस कॉमिक्स भाड्यानं द्यायचा, आणि माझी मोठी बहीण ती आणून मला वाचून दाखवायची. मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. बाई शेवटच्या चित्रावर तळहात ठेवून वाचायची आणि माझा जीव टांगणीला लागला की मग हात काढायची.

पुढे मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागलो. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. जटपुरा गेटजवळच्या सायबर कॅफेत बसून मी अशा मूळ पानांचा शौक असणाऱ्यांच्या एका ई-मेल ग्रुपमध्ये शिरलो. देशभरचे पंचवीसेक लोक असतील. आपापल्या पानांचे फोटो टाकायचे, कुणाचा हात कुठला यावर वाद घालायचे, अदलाबदल करायची. त्यात नागपूरचे एक दातांचे डॉक्टर होते, वयानं माझ्याहून बरेच मोठे. दिल्लीच्या एका बंद पडलेल्या प्रकाशकाचं गोदाम रिकामं होत होतं, तेव्हा त्यांच्या ओळखीनंच मला मगरींचं पान मिळालं. बालपणीची एखादी वस्तू कुणी जशीच्या तशी हातात आणून ठेवावी, तसं मला झालं.

ते पान मी फार लोकांना दाखवलं नाही. आईला दाखवलं, तिनं 'जपून ठेव' म्हटलं. दिवाळीला आरमोरीला गेलो तेव्हा बाईला आणि भाऊजींना दाखवलं.

भाऊजी पेंटर होते. आरमोरीत, वडशाकडे, ब्रह्मपुरीपर्यंत दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवरची नावं त्यांच्या हातची. विहाराच्या भिंतीवरचा बोधिवृक्षही त्यांनीच काढला होता, आणि स्थळ बघायला गेलेली बाई तो वृक्ष पाहूनच हो म्हणाली असं आई सांगायची. आमच्या लॅबची पाटीही मी मालकांना सांगून त्यांच्याकडूनच करून घेतली होती. पण मग फ्लेक्स आले. सकाळी फोटो द्यायचा, संध्याकाळी बॅनर घेऊन जायचा. भाऊजींचे ब्रश डब्यात उभेच राहू लागले.

त्या दिवाळीला त्यांनी माझं पान खिडकीशी नेलं आणि बराच वेळ डोळ्यांजवळ धरलं.

"साळेसाहेब, हे इथी राहू द्या काही दिवस," ते म्हणाले. मेहुणा म्हणून ते मला साळेसाहेब म्हणायचे. "ह्या माणसाची रेघ पाहाची आहे मले. कशी ओढली असन हे."

मला बरं वाटलं. आमच्या घरात या वेडाची कदर करणारं कुणीतरी निघालं. मी पान ठेवून आलो. महिन्याभरानं बाई चंद्रपूरला आली तेव्हा तिनं ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून परत आणलं. त्याला कुठं साधी सुरकुतीही नव्हती.

नंतर वर्षभरानं ग्रुपवर हैदराबादच्या एकाचा मेल आला. लिलावाच्या एका वेबसाईटवर मगरींचं पान विकायला लागलं आहे, हे तुमचंच का, विकताय तर आधी आम्हाला का सांगितलं नाही. त्याच्या लिहिण्यात राग होता. मी ती वेबसाईट उघडली. पुलावरून गुप्तहेर उडी मारत होता. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की हे मूळ चित्र आहे, चित्रकारानं स्वतः हातानं काढलेलं, एकमेव, जुन्या संग्रहातलं. विकणाऱ्याचं नाव नव्हतं, एक इंग्रजी टोपणनाव होतं. गावाच्या जागी नुसतं महाराष्ट्र.

मी कॅफेतून घरी धावत आलो. पान कपाटात होतं. मला इतकं हायसं वाटलं की त्या पानाची नक्कल कुणी आणि कशी केली असेल हा प्रश्न त्या दिवशी मला पडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या पानाचा आणि लिलावातल्या पानाचा फोटो शेजारी शेजारी ठेवून ग्रुपवर टाकले आणि मोठ्या ऐटीत लिहिलं. लिहिलं की हे बनावट आहे, पुरावा देतो. संवादांतला ल बघा. हिंदी ल ला उजवीकडे उभी काठी असते. मूळ पानावर तशीच आहे. बनावट पानावर सगळे ल आपल्या मराठी शाळेतले आहेत, काठी नसलेले, दोन पाकळ्यांचे. शिवाय प्रत्येक ल ची उजवी पाकळी आत वळवून टोकाला बारीक ठिपका दिलेला आहे. नक्कल करणाऱ्यानं चित्र बघून बघून काढलं, पण अक्षरं सवयीनं लिहिली. माणूस मराठी आहे आणि त्याला पाट्या लिहायची सवय आहे.

ग्रुपवर माझं फार कौतुक झालं. ज्यांनी संशय घेतला होता त्या हैदराबादवाल्यांनी माफी मागितली. नागपूरच्या डॉक्टरांनी मात्र वेगळंच लिहिलं. त्याच विक्रेत्याकडून त्यांनी दोन महिन्यांपूर्वी दुसरं एक पान घेतलं होतं आणि फ्रेम करून दवाखान्यात लावलं होतं. आता जाऊन बघितलं तर त्यातही तसाच ल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेलो. लॅबचं शटर अजून अर्धंच उघडलं होतं, म्हणून बाहेर थांबलो, आणि सहज वर पाटीकडे बघितलं. निळ्यावर पांढऱ्यानं लिहिलं होतं, पॅथॉलॉजी लॅब. दोन ल. दोन्हींची उजवी पाकळी आत वळलेली, टोकाला ठिपका.

मी आत जाऊन नमुन्यांच्या बाटल्या लावत बसलो. हात नेहमीसारखे चालत होते, पण कान तापले होते, जसे शाळेत सगळ्यांसमोर उभं केल्यावर तापायचे. आदल्या दिवशी मी ज्याचं अक्षर ओळखल्याची फुशारकी मारली, तो माणूस माझ्या बहिणीच्या घरात राहत होता. ते पान त्याच्या हातात मीच दिलं होतं.

डॉक्टरांपासून लपवणं शक्य नव्हतं. त्यांच्या दवाखान्याच्या भिंतीवर ते लटकत होतं. दुपारी मी त्यांना फोन केला.

"विक्रेता कोण आहे ते कळलं मला," मी म्हणालो.

"कोण?"

"माझे भाऊजी आहेत. बहिणीचे मिस्टर."

त्यांनी भाऊजींचं गाव विचारलं. मग म्हणाले, "मी येतो. आपण दोघं जाऊ. पोलिसात जायचं नाही मला, पण त्या माणसाच्या तोंडून एकदा ऐकायचं आहे."

मी आरमोरीला फोन करून बाईला एवढंच सांगितलं की रविवारी नागपूरचे एक डॉक्टर माझ्यासोबत येतील, त्यांना भाऊजींशी त्या चित्रांबद्दल बोलायचं आहे. पुढचं फोनवर सांगायला जीभ वळली नाही. भाऊजींकडे फोन दे, असंही मला म्हणता आलं नाही.

रविवारी आम्ही मूल, गडचिरोली ही गावं करत डॉक्टरांच्या गाडीनं गेलो. धान कापून झालं होतं, रस्त्याच्या कडेनं भाऱ्यांचे पुंजणे रचलेले होते. डॉक्टरांनी वाटेत मला धानाबद्दल आणि वैनगंगेबद्दल विचारलं, चित्राबद्दल काही विचारलं नाही. मागच्या सीटवर कापडी पिशवीत त्यांची फ्रेम होती.

बाईचं अंगण सारवलेलं होतं. दारात रांगोळी होती. बाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, आणि शेजारचे गुरुजी आणि त्यांची बायको आधीच येऊन खुर्च्यांवर बसलेले होते.

"हेच काय डॉक्टर?" बाई पदर सावरत म्हणाली. "या नं बसा. बाबूनं फोन केला तेव्हापासून ह्यायले झोप नाई."

मला तेव्हा कळलं की बाईचा काय समज झाला आहे. तिला वाटलं होतं, नागपूरचा कुणी मोठा माणूस तिच्या नवऱ्याची चित्रं आवडली म्हणून त्याला भेटायला आला आहे.

गुरुजी डॉक्टरांना सांगू लागले. "आमच्या गावचा माणूस आहे पण आमालेच माहीत नव्हतं. ह्यायचे चित्रं दिल्ली, बंबईले चालले. वहिनी सांगत असते."

"इंटरनेटवरून जाते," बाई म्हणाली. "हे स्वतः शिकले. चौकातल्या कॅफेत जाऊन बसते."

डॉक्टर नुसते मान डोलावत होते. मी खाली बघत होतो. मला वाटत होतं, डॉक्टरांनी आत्ताच ओरडून सांगून टाकावं, म्हणजे हे थांबेल. ते गप्प राहिले याचा मला राग येत होता, आणि ते गप्प आहेत म्हणूनच मी खुर्चीवर बसू शकत होतो.

बाईनं आधी जेवायला वाढलं. नाही म्हणायची सोय नव्हती. सांभारवडी, वांग्याची भाजी, वरण-भात, आणि वैनगंगेच्या मासोळीचा रस्सा. ती प्रत्येक वेळी डॉक्टरांच्या ताटाकडे बघून वाढत होती. भाऊजी डॉक्टरांच्या शेजारी बसून त्यांना काटे काढायला शिकवत होते. मी पहिल्यांदाच बाईच्या घरचं अन्न पाण्यासोबत गिळलं.

जेवणानंतर भाऊजींनी आम्हा दोघांना आतल्या खोलीत नेलं. टेबल, दिवा, शाईच्या बाटल्या, भिंतीला टेकवलेले ड्रॉईंग बोर्ड. खिडकीत कागद वाळत घातले होते, कडा तपकिरी झालेले. डॉक्टरांनी पिशवीतून फ्रेम काढली आणि टेबलावर ठेवली.

भाऊजींचा चेहरा उजळला. "हे तुमच्याकडं गेलं होय. पाहा, घोडा कसा जमला यातला."

"हे तुम्ही काढलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मंग कोणं काढलं? छापील कॉमिक पाहून काढलं."

"तुम्ही वेबसाईटवर मूळ चित्र असं लिहिलं होतं."

"मूळच आहे नं. हातानं काढलेलं आहे, छापील नाई."

"मूळ म्हणजे त्या चित्रकारानं काढलेलं. त्याच्या नावानं विकलंत तुम्ही."

"माझं नाव लिहिलं असतं तर तुमी घेतलं असतं काय?" भाऊजी शांतपणे म्हणाले.

डॉक्टरांनी फ्रेम उलटी केली, मागच्या कागदावरचे डाग दाखवले. "आणि हे? हा कागद जुना दिसावा म्हणून चहात बुडवला होता ना?"

"चहा नाई. चहानं कागद आखडते. कात आहे, पातळ करून लावला." ते हे एखाद्या शिकाऊला सांगावं तसं सांगत होते. त्यांच्या आवाजात लाज शोधत मी उभा होतो. ती मला सापडत नव्हती. तिथली सगळी लाज जणू माझ्याच वाट्याला आली होती.

दारात बाई सुपारीची तबकडी घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं भाऊजींना नाही, डॉक्टरांनाही नाही, मला विचारलं.

"बाबू, काय म्हणून राह्यले हे?"

मी म्हणालो, "नंतर सांगतो बाई."

"आता सांग. मले समजन असं सांग."

मला सांगावं लागलं. लहानपणी ती मला वाचून दाखवायची, तितक्या सोप्या शब्दांत मी तिला सांगितलं. एका माणसानं पूर्वी चित्र काढलं. ते एकच असतं. लोक त्या माणसाच्या हातचं म्हणून घेतात. भाऊजींनी बघून तसंच दुसरं काढलं, जुनं दिसावं असं केलं, आणि त्या माणसाच्या हातचं म्हणून विकलं.

"म्हणजे खोटं सांगून," बाई म्हणाली.

"हो."

बाहेरच्या खोलीत गुरुजी बसलेले होते. मधे नुसता पडदा होता. त्यांच्या बायकोनं खुर्ची सरकवल्याचा आवाज आला आणि मग गुरुजी बाहेरूनच म्हणाले, "वहिनी, येतो बरं आमी. गाईले पाणी पाजाचं आहे." बाईनं त्यांना थांबा म्हटलं नाही. तिनं तबकडी टेबलावर ठेवली.

"म्यां सगळ्या मोहल्ल्यात सांगतलं," ती भाऊजींना म्हणाली. "तुमी मले सांगू देत होते."

त्यावर मात्र भाऊजींनी मान खाली घातली. डॉक्टरांशी बोलताना ताठ असलेला तो माणूस टेबलाच्या कडेवरचा वाळलेला रंग नखानं खरवडू लागला.

"पाट्या येत नाई आता," ते म्हणाले. "दिवसभर घरात बसून राहाचं. तू विचारे, आज काय काम आहे. हे कराले लागलो तर हात चालू झाला. पहिलं विकलं तेव्हा वाटलं, त्या लोकायले वळखू नाई आलं. दिल्लीच्या माणसाचा हात आणि माझा हात, त्यायले फरक नाई दिसला."

"तू सांगतलं असतं मले, तर मीच नाई म्हटलं असतं," बाई म्हणाली. रागात ती नवऱ्याला एकेरीवर आली होती, आणि ते मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

मग तिनं कपाटाच्या मागून, पलंगाखालून सगळे कागद काढले आणि टेबलावर रचले. तिला कुठं काय ठेवलेलं आहे सगळं माहीत होतं. तिनंच ते झाडून पुसून ठेवले होते. ती डॉक्टरांना म्हणाली, "यायचं काय कराचं ते तुमी सांगा."

डॉक्टर म्हणाले, फाडायचं नाही. प्रत्येकाच्या मागं मोठ्या अक्षरात नक्कल असं लिहा आणि खाली स्वतःची सही करा. भाऊजींनी लिहायला घेतलं. नक्कल. नक्कल. नक्कल. प्रत्येक ल दोन पाकळ्यांचा. आम्ही तिघं उभे राहून बघत होतो. सही करताना ते प्रत्येक वेळी जरा थांबत. पाट्यांच्या कोपऱ्यात ते बारीक सही करायचे, पण इथं ती मोठी करायला सांगितली होती.

संध्याकाळी भाऊजी, डॉक्टर आणि मी चौकातल्या कॅफेत गेलो. भाऊजी एका बोटानं टाइप करत होते. त्यांनी मगरींचं पान लिलावातून काढलं, मग खातंच बंद केलं. कॅफेवाल्यानं मागून वाकून बघितलं.

"काऊन काढून टाकून राह्यले भाऊ?"

"विकल्या गेलं," भाऊजी म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघत राहिलो.

परतताना सावली गाव ओलांडल्यावर डॉक्टर म्हणाले, "घोडा खरंच चांगला आहे." मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, तुम्ही का मागता. पण ती कुणीतरी मागायलाच हवी होती, आणि भाऊजींनी मागितली नव्हती.

डॉक्टरांनी ग्रुपवर लिहिलं की विक्रेता सापडला, त्यानं सगळं थांबवलं, विषय संपला. नाव लिहिलं नाही. लोक विचारत राहिले. ते मला बचावत आहेत हे मला दिसत होतं, आणि दर मेलला अंग चोरल्यासारखं होत होतं. शेवटी मीच लिहिलं, तो माझ्या बहिणीचा नवरा आहे. दोघांनी चांगली उत्तरं पाठवली. बाकीच्यांनी काही लिहिलं नाही. मग एकानं सौम्य शब्दांत विचारलं, तुमच्याकडून अदलाबदलीत आलेली पानं एकदा नीट तपासून बघितली तर तुमची हरकत नाही ना. मी म्हणालो, नाही. माझ्या सगळ्या पानांचे जवळून फोटो काढून पाठवले, मागच्या बाजूचेही. सगळी खरी निघाली. तरी नंतर माझ्याशी कुणी अदलाबदल केली नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही.

बाई त्या वर्षी माहेरी आली नाही. आईला ती फोनवर म्हणायची, धानाचं काम आहे. गुरुजींची बायको तिच्याकडे यायची, बोलायची, पण चित्रांचं नाव काढायची नाही, आणि तेच बाईला लागत होतं असं तिनं पुढे एकदा आईला सांगितलं. भाऊजी गडचिरोलीला एका फ्लेक्सच्या दुकानात लागले. कॉम्प्युटरवर वाढदिवसाचे बॅनर बनवायचे.

एकदा कशासाठी तरी मी आरमोरीला फोन केला. तो भाऊजींनी उचलला. आम्ही पावसाचं, आईच्या गुडघ्यांचं बोललो. मग ते म्हणाले,

"साळेसाहेब, तुमच्या त्या लोकायले माझं सांगतलं काय तुमी?"

"सांगितलं."

"बरं केलं." मागं टीव्हीचा आवाज येत होता. "काय म्हणून लिहिलं? पेंटर लिहिलं का चित्रकार?"

मी दोन्हीपैकी काही लिहिलं नव्हतं. माझ्या बहिणीचा नवरा, एवढंच लिहिलं होतं.

"चित्रकार," मी म्हणालो.

"हं," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन बाईकडे दिला.